प्रवराकाठची पांढरी

पायी भटकण्याचे वेड आम्हां भावंडांस वडिलांकडून मिळाले. दिवाळीची सुट्टी लागली की ते आम्हां चौघांस पहाटे उठवीत, फडक्यात दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून घेत, आणि बेलापूरहून प्रवरेच्या काठाकाठाने, कधी बाभळीच्या बनांतून तर कधी उघड्या माळावरून, उन्हे चढेपर्यंत आम्हांस चालवीत. वाटेत पाखरांची नावे, झाडांची नावे, शेतांचे बांध कोणाचे, सर्व काही सांगत. मात्र गावापासून कोसभरावर नदीच्या एका वळणाशी, उंच दरडीवर एक जुना करंज होता. तेथे पोचलो की ते आम्हांस ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून सांगत आणि स्वतः घटकाभर एकटेच बसत. ते दमतात, अशी आमची समजूत होती.

वडील जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. आमच्यांतल्या थोरल्याने पासष्टी ओलांडली, धाकटीला नातू झाला. तरी वर्षातून एकदा चौघांनी आईपाशी जमावे आणि एक दिवस पायी चालावे हा नेम आम्ही मोडलेला नाही. गेल्या माघात आम्ही दायमाबादेस जाण्याचे ठरविले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर हे स्थान आहे. आपल्याच नदीच्या काठी आणि आपण अजून पाहिले नाही, याची आम्हांस लाज वाटत होती.

आई ओटीवर वाती वळीत बसली होती. तिने वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत. पण कान शाबूत आहेत. “तिथे काय आहे?” तिने विचारले. आम्ही म्हटले, “फार जुने गाव होते, आई. त्या लोकांनी घरातच पुरलेली लहान मुले तिथे खणताना सापडली.” तिच्या बोटांतली वात तशीच राहिली. “घरातच?” एवढेच ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

काही अंतर मोटारीने कापून आम्ही पायउतार झालो. प्रथम दुतर्फा ऊसच ऊस. हे वैभव तसे अलीकडचे आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी पाटांनी शेतांत खेळू लागले आणि माळाची बागाईत झाली. जुना माळ कसा होता हे पाहावयाचे तर आता उंचवट्यावरचे राहिलेले तुकडे शोधावे लागतात. असा एक तुकडा आम्हांस लागला. कुसळी गवत, पिवळ्या फुलांचा तरवड, एखाद-दुसरा हिवर, आणि आमच्या चाहुलीने ओरडत उठलेली टिटवी. कुसळे धोतरात आणि लुगड्यांत शिरत ते दिवस गेले. ती आता पाटलोणींत व सलवारींत शिरतात, टोचतात मात्र तशीच.

दायमाबादेचे गाव आज वसते नाही. नदीकाठी मातीचे पसरट टेकाड तेवढे आहे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणसारवण, असे सारे एकावर एक साचून पांढरी तयार होते. दायमाबादेस इ. स. पूर्व सुमारे २२०० पासून १००० पर्यंत, एकामागून एक अशा पाच संस्कृतींच्या लोकांनी पांढरीवर पांढरी चढविली. पायाखाली खापऱ्या जागोजाग दिसतात. तांबूस अंगावर काळ्या रेघा असलेली एक खापरी आम्ही उचलली, हातात फिरविली आणि होती तेथेच ठेविली. ते स्थान सरकारने संरक्षिलेले आहे. पण नसते तरी ती घरी नेण्याचे मन झाले नसते.

या स्थानाचा शोध बोपर्डीकर यांनी १९५८ साली लावला आणि त्याच हंगामात म. न. देशपांडे यांनी पहिले उत्खनन केले. पुढे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल गृहस्थास काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार मूर्ती सापडल्या. चोहोंचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. पण त्यांच्यामुळे दायमाबादेचे नाव सर्वतोमुखी झाले. मग शि. रं. राव यांनी आणि त्यानंतर १९७९ पर्यंत साळी यांनी येथे विस्ताराने खोदकाम केले.

आम्हांस ओढ होती ती मात्र रथाची नव्हे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले. त्या गावावरून एका अख्ख्या संस्कृतीस जोर्वे हे नाव पडले. तिचा भर इ. स. पूर्व १४०० ते १००० असा धरतात. या लोकांची रीत अशी की, लहान मूल गेले तर दोन मोठे कुंभ घ्यावयाचे, त्यांत मुलास ठेवावयाचे, कुंभांची तोंडे एकमेकांस जोडावयाची आणि राहत्या घराच्या भुईखाली अथवा अंगणात खड्डा करून ते आडवे पुरावयाचे. शेजारी वाडगे, तोटीचे भांडे ठेवावयाचे. दायमाबादेस या काळाची ४८ दफने मिळाली; त्यांतली ४४ कुंभांतली आहेत. मोठ्या माणसाचे पाय मात्र पुष्कळदा घोट्याखालून तोडून त्यास पुरीत. गेलेल्याने घर सोडून भटकू नये म्हणून, असा तर्क करतात. नेवाशास एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि तिच्यात ओवलेला रेशमाचा धागा तीन हजार वर्षांनंतरही तपासता आला.

टेकाडावर शिदोरी सोडून बसलो असता धाकटी म्हणाली, “आणि आपल्याकडे?” आपल्याकडे मनुस्मृती सांगते की, दोन वर्षांखालील बालकास गावाबाहेर पुरावे, त्यास अग्नी नाही, उदक नाही. पुरावयास पुरुष जातात. आईने मागे राहावयाचे. श्राद्ध नाही म्हणून तिथी नाही, तिथी नाही म्हणून नाव घेण्याचा प्रसंग नाही. शास्त्रकारांचा हेतू कठोर नसेल. घरोघरी मुले जात त्या काळी शोकास मर्यादा घालणे हीच दया वाटली असेल. तरी त्या भुईवर बसून ती दया आम्हांस अपुरी वाटली.

सायंकाळी घरी परतलो. आई वाटच पाहत होती. तिने पाणी विचारले नाही, चहा विचारला नाही. “कुंभाची तोंडं बंद करीत?” तिने विचारले. “म्हणजे आत पाणी शिरत नसेल.”

मग ती सांगू लागली. थोरल्याच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पाच महिन्यांची होऊन १९५७ च्या श्रावणात तापाने गेली. नदीला पूर होता. “ह्यांनी आणि भाऊजींनी नेली. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तिच्या हातांतल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या काढू नका, एवढंच म्हटलं होतं. राहू दिल्या की नाही, कोण जाणे. पूर आला की दर वर्षी मनात येई, पोर भिजत असेल.”

तिने मुलीचे नाव सांगितले. ते आम्ही येथे लिहीत नाही; इतकी वर्षे जे तिने एकटीने सांभाळले, ते आमच्या हाती आताच आले आहे.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यांतल्या थोरल्यास करंज आठवला, आणि त्याने तोंडातून काढण्यापूर्वीच आम्हां साऱ्यांस तो आठवला. खात्री देणारे आता कोणी नाही. पण वडील कधी दमणारे गृहस्थ नव्हते, हे आम्हांस त्या क्षणी समजले.

“ती दरड उंच आहे, आई,” आम्ही म्हटले. “आमच्या आठवणीत तिथवर पूर कधी चढला नाही.”

“मग बरं,” ती म्हणाली.

पुढील वर्षीचा बेत ठरला आहे. फार लांबचा नाही. मोटार जाईल तेथवर मोटारीने जावयाचे, आणि पुढे आईच्या चालीने.