खरं कुणाला सांगायचं?

‘खोटं बोलू नये’ हा धडा आपण मुलांना रोज देतो. आणि वर्गणीवाले दारात आले की त्याच मुलाला हळूच सांगतो, “बाबा घरी नाहीत म्हण.” मूल बिचारं गोंधळतं. गोंधळण्यासारखंच आहे म्हणा! खोटं वाईट, ते नेमकं कशामुळे? त्यानं कुणाचं तरी नुकसान होतं म्हणून, की नुकसान होवो न होवो, खोटं ते खोटंच म्हणून?

प्रश्न आजकालचा नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. नेहमी खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं त्याच्या देखत रानात जाऊन लपली. मागोमाग दरोडेखोर आले आणि कुठे गेली म्हणून विचारू लागले. कौशिकानं व्रत पाळलं, जागा सांगितली. माणसं मारली गेली, आणि हा सत्यवादी गृहस्थ गेला नरकात! लोकमान्य टिळकांनीही १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सत्याला अपवाद कधी करावा याचा ऊहापोह केला आहे, तोही पाश्चात्त्य पंडितांची मतं शेजारी ठेवून.

त्या पाश्चात्त्यांतले मोठे तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट. १७९७ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं अगदी उलट. मित्र तुमच्या घरात लपलाय, मारेकरी दारात उभा आहे, तरी खोटं बोलू नका. समजा, तुम्ही “घरात नाही” म्हणालात, आणि मित्र तोवर मागच्या बाजूनं निसटून नेमका त्याच मारेकऱ्याच्या तावडीत सापडला, तर? अंदाज बांधून खोटं बोललात, की जे होईल ते तुमच्या पदरात. (कांट जन्मभर अविवाहित राहिले. सासर आणि माहेर दोन्हीकडे शब्द सांभाळून बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, हे मी आपलं तुमच्याजवळ म्हणते.) हा निबंध होता बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून. कॉन्स्टंट म्हणत होते, खरं सांगणं हे कर्तव्य खरंच, पण ज्याला ते खरं कळायचा हक्क आहे त्याच्यापुरतं. दुसऱ्याच्या जिवावर उठलेल्याला कसला आलाय हक्क?

मला हे कॉन्स्टंट पटतात. मात्र त्यांचं बोलणं उलटूनही पाहायला हवं, ते आपण सोयीस्कर विसरतो. हक्क नाही त्याला सांगू नये, ठीक. पण हक्क आहे त्याच्यापासून लपवलं तर?

माझ्या सासूबाईंना पोटाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आणि घरात ठरलं की त्यांना ‘अल्सर आहे’ एवढंच सांगायचं. “आई खचेल,” हे म्हणाले. मोठ्या नणंदेनं तर मला देवाची शपथच घातली. ती मी घेतली नाही, गप्प राहिले. सगळ्यांची माया खरी होती, त्यात मुळीच शंका नाही. पण खचेल हा अंदाजच ना? आणि मला राहून राहून वाटायचं, दरोडेखोर विचारत होते ते दुसऱ्याच्या जिवाबद्दल. या माउलीला जाणून घ्यायचंय ते स्वतःच्याच जिवाबद्दल. ते तिचंच आहे. आपण कोण ते कपाटात कुलूप लावून ठेवणारे?

मी आपण होऊन काही बोलले नसते. विचारल्याशिवाय सांगणं हाही एक आडदांडपणाच, कितीतरी माणसांना नकोच असतं कळायला. पण एके दुपारी पेज भरवत होते, तर त्यांनी माझा हात धरला. “सूनबाई, हे अल्सरचं औषध नाही ना गं? तू तरी खरं सांग.”

मी सांगितलं.

बराच वेळ त्या पंख्याकडे बघत राहिल्या. मग उरलेली पेज संपवली. संध्याकाळी ह्यांना कळलं. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि नणंद फोनवर “तुला कुणी एवढा अधिकार दिला?” म्हणाली. तिचं आजही तेच मत आहे. ती चूक आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण सासूबाई त्यानंतर रात्री रात्री जाग्या असायच्या, हे मीच पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून कऱ्हाडला धाकट्या बहिणीला फोन लावून घेतला. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून नऊ वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. मावशी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.नं आल्या. मी दार लोटून घेतलं. आत दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. दुपारी चहा घेऊन गेले तेव्हा मावशी त्यांची वेणी घालत होत्या.