आशेचे माप

पोटदुखी हे शाळकरी मुलांचे ठेवणीतले दुखणे. गणिताच्या तासाला ते उद्भवते आणि मधल्या सुट्टीत नाहीसे होते, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव. परंतु क्वचित एखाद्या मुलाच्या पोटात खरोखरीच वैरी दबा धरून बसलेला असतो. १९८९ साली गेराल्ड आणि रोसाई यांनी असा एक दुर्मीळ कर्करोग वर्णिला. तो बहुधा किशोरवयीन मुलग्यांना गाठतो आणि उदराच्या अस्तरावर असंख्य लहानमोठ्या गाठींच्या रूपाने पसरतो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात डॉ. अँड्रिया हेज-जॉर्डन यांनी, प्रौढांवर पूर्वीपासून चालत आलेला एक दुहेरी उपाय या मुलांसाठी योजिला. आधी डोळ्यांस दिसेल ती प्रत्येक गाठ कापून काढावयाची. हे काम कित्येक तास चालते. मग सिस्प्लाटिन हे औषध सुमारे ४१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उदरपोकळीत ९० मिनिटे खेळवावयाचे. औषध थेट अस्तरास भिडते आणि उष्णतेने त्याचा मारा तीव्र होतो. मात्र दोन-तीन मिलिमीटरहून खोल ते शिरत नाही. म्हणून सुरीने मागे ठेवलेली मोठी गाठ औषधाला आवरत नाही.

आमच्या शाळेतील एका मुलावर मुंबईस उपचार चालू असता त्याच्या वडिलांनी याविषयीचे कात्रण आमच्यापुढे ठेविले. "सर, हे केलं की पोरगा बरा होईल ना?"

आम्ही वैद्य नव्हे. पण वाचलेले नीट सांगणे हा आमचा धर्म. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्यूस्टनच्या अभ्यासात २० रुग्ण होते. त्यांपैकी १४ जणांना हा रोग होता, व त्यांच्या आयुष्याचा मध्यक सुमारे ४४ महिने निघाला. म्हणजे निम्मे त्यापलीकडे गेले, निम्मे अलीकडेच थांबले. फ्रान्समधील शल्यवैद्यांना तर गरम औषधाचा वेगळा लाभ आढळला नाही. 'बरा होईल' आणि 'अधिक दिवस मिळतील' ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे आम्ही त्यांना सांगितले.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिवस मिळत असतील, तर तेही डॉक्टरांना विचारतो."

चव्वेचाळीस महिने म्हणजे सातवीतला मुलगा दहावीच्या परीक्षेस बसण्याइतका काळ. त्याहून अधिक आश्वासन कोणी देऊ नये. आणि याला थोडे, असेही कोणी म्हणू नये.