शितावरून भाताची परीक्षा

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी येते आणि त्या वर्षीचा आश्विन महिना आमच्या झोपेच्या मुळावर येतो. आम्ही त्या देशाचे नागरिक नव्हे. तेथे आमची शेतवाडी नाही, की तेथील कोणत्या पक्षाशी आमचा सोयरसंबंध नाही. तरीही ऑक्टोबर उजाडला, की पेन्सिल्व्हेनियात कोण किती टक्क्यांनी पुढे आहे हे पाहिल्यावाचून आम्हांस सकाळचा चहा गोड लागत नाही. घरातील मंडळी ह्यास व्यसन म्हणतात. घरातील मंडळींचे म्हणणे सहसा खरे असते, म्हणून आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही.

सबंध देशाचा आकडा सोडून एकेका राज्याच्या आकड्यांचाच हा ध्यास का, ते प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेत अध्यक्षाची निवड मतदार थेट करीत नाहीत. ती ५३८ निर्वाचक करतात, आणि ज्यास २७० निर्वाचक लाभतील तो अध्यक्ष होतो. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर ज्यास राज्यात एक मत अधिक, त्याच्याच पदरात त्या राज्याचे सारे निर्वाचक पडतात. बहुतेक राज्यांचा कल आधीच ठाऊक असतो. खरी झुंज उरते ती पाचसात राज्यांपुरती. २००० साली फ्लॉरिडातील अवघ्या ५३७ मतांनी अध्यक्षपदाचा निकाल लावला. २०१६ साली हिलरी क्लिंटन ह्यांस देशभरात सुमारे २८ लाख मते अधिक पडली. परंतु मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया ह्या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांहूनही थोड्या कमी मतांनी डोनाल्ड ट्रम्प पुढे गेले आणि अध्यक्ष झाले. तेव्हा शेवटच्या तीन आठवड्यांत विस्कॉन्सिनचा आकडा अर्ध्या टक्क्याने हलला, तर सारे जग कान टवकारते, ह्यात नवल नाही.

हे आकडे निघतात कसे? आमचे एक संख्याशास्त्रज्ञ स्नेही म्हणतात, ‘शितावरून भाताची परीक्षा, ह्यापलीकडे आमच्या शास्त्रात काही नाही.’ आठशे माणसांस विचारावे आणि लाखो मतदारांचे मन सांगावे, ही विद्या प्रथमदर्शनी जादूची वाटते, पण ती जादू नव्हे. आमच्या घरी भात उतरवताना कोणी सारे पातेले खाऊन पाहत नाही. मात्र ह्या म्हणीत काही अटी दडलेल्या आहेत. पातेले नीट ढवळलेले असावे, भात शिजून झालेला असावा, आणि शिताने चमच्यात येण्यास नकार देऊ नये. अमेरिकेतील मतचाचण्यांचा इतिहास म्हणजे ह्या तीन अटींचा इतिहास होय.

पहिली अट मोडली १९३६ साली. ‘लिटररी डायजेस्ट’ नामक साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांस नमुना-मतपत्रिका टपालाने धाडल्या. त्यांतील वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या बळावर साप्ताहिकाने लँडन ह्यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ह्यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली; लँडन ह्यांस मिळाली मेन आणि व्हर्माँट ही दोनच. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन वा मोटार, तो पातेल्यातील वरचा थर! त्याच वर्षी जॉर्ज गॅलप ह्यांनी त्या मानाने फारच थोड्या लोकांस विचारून रूझवेल्ट निवडून येतील असे सांगितले, आणि तेव्हापासून ह्या विद्येस प्रतिष्ठा आली.

दुसरी अट मोडली ती १९४८ साली, आणि मोडणाऱ्यांत गॅलपही होते. त्यांचा अखेरचा आकडा ड्यूई ४९.५ आणि ट्रुमन ४४.५ असा होता. निकाल जवळजवळ उलटा लागला. माणसे निवडण्याची रीत सदोष होती हे एक कारण. दुसरे असे, की निवडणूक ठरल्यातच जमा आहे अशा समजुतीने चाचण्या मतदानाच्या पुष्कळ आधीच थांबविण्यात आल्या. रोपर ह्यांनी तर सप्टेंबरातच हात आवरता घेतला. भात शिजायचा होता आणि मंडळींनी पातेले उतरविले. ‘ड्यूईंनी ट्रुमनना हरविले’ असा मथळा मिरविणारे शिकागोचे वर्तमानपत्र हातात धरून हसणाऱ्या ट्रुमन ह्यांचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

ह्या दोन्ही चुकांपासून चाचणीकार शिकले. आता ते शेवटच्या दिवसापर्यंत विचारीत राहतात, आणि वय, वंश, शिक्षण ह्यांचे वजन लावून नमुना सारखा करतात. तरीही त्यांच्या हाताखाली केवढी मोकळीक उरते, ह्याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. २०१६ च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फ्लॉरिडातील ८६७ मतदारांची तीच ती उत्तरे चार निरनिराळ्या तज्ज्ञांच्या हाती दिली आणि स्वतःही हिशेब केला. पाच हिशेबांचे निकाल क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे येथपासून ट्रम्प एका टक्क्याने पुढे येथपर्यंत पसरले. उत्तरे तीच, माणसे तीच. फरक एवढाच, की मतदानास कोण जाईल आणि कोणाचे वजन किती धरावे, ह्याविषयीचे अंदाज निराळे! शिवाय आठशेंच्या नमुन्यात एका उमेदवाराचा आकडा केवळ योगायोगाने साडेतीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि दोघांतील अंतर जवळजवळ त्याच्या दुप्पट. ज्या अर्ध्या टक्क्याने आमचा चहा निवतो, त्याची योग्यता ही एवढी.

परंतु आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगी अट तिसरी होय. १९९७ साली अमेरिकेतील प्यू ह्या संशोधनसंस्थेने टेलिफोन केला असता शंभरांतील ३६ जण उत्तर देत. २०१८ साली अवघे सहा. बाकीची ९४ शिते चमच्यात येतच नाहीत. आणि जी येतात तीही रोज सारखी नसतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये पहिल्या वादसभेत ओबामा फिके पडले आणि लगेच रॉम्नी ह्यांचे आकडे चढले. मतदारांचे मन फिरले, असे सर्वांनी म्हटले. परंतु अँड्र्यू गेलमन आदि संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळेच दाखविले. मने फारशी फिरली नव्हती. ओबामांचे चाहते खट्टू होऊन काही दिवस उत्तरेच देईनासे झाले होते, आणि रॉम्नींचे चाहते हौसेने बोलू लागले होते. म्हणजे आकड्यांच्या ज्या भरती-ओहोटीस आपण मतांतर म्हणतो, तिचा मोठा भाग हा केवळ बोलण्याच्या इच्छेचा असू शकतो.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकाआधी एका फोनवरून समजली. आमची पुतणी फिलाडेल्फियाजवळच्या एका गावी राहते. २०१८ साली ती तेथील नागरिक झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही तिला मोठ्या उत्साहाने तिच्याच राज्याचे ताजे आकडे ऐकवीत होतो. ती म्हणाली, ‘काका, दिवसाकाठी पंधरा-वीस अनोळखी फोन येतात. मी एकही उचलत नाही. नोकरी, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक. ह्यात परक्या माणसाला मनातलं सांगत कोण बसणार? आणि माझं अजून ठरलंही नाही.’ तिचा धाकटा दीर तेथेच तात्पुरत्या परवान्यावर नोकरीस आहे. कायम वास्तव्याचा त्याचा अर्ज कित्येक वर्षे रांगेत पडून आहे. कोणाच्या कारकीर्दीत त्या नियमांचे काय होईल, ह्याचा घोर साऱ्या घराला लागलेला. ‘तुम्ही रोज ज्या अर्ध्या टक्क्याची गोष्ट सांगता ना,’ ती म्हणाली, ‘त्यावर आमच्या भाऊजींचं इथं राहणं न राहणं अवलंबून आहे.’ ह्या वाक्यानंतर त्या आकड्यांस आमच्या लेखी निराळेच वजन आले. ज्या राज्याचे मन आम्ही पुण्यात बसून रोज वाचीत होतो, त्या मनात आमच्याच घरची मुलगी कोठे नव्हती.

आणि निकाल ठरविण्यात अशाच न बोलणाऱ्यांचा व न ठरलेल्यांचा हात मोठा असतो. २०१६ साली विस्कॉन्सिनात मार्क्वेट विद्यापीठाच्या अखेरच्या चाचणीत क्लिंटन ४६ आणि ट्रम्प ४० असा आकडा आला होता. प्रत्यक्षात क्लिंटन ह्यांस साडेशेहेचाळीस टक्क्यांच्या जवळपास मते पडली. म्हणजे त्यांचा आकडा बिनचूक! ट्रम्प मात्र ४७ च्या वर गेले. पुढे झालेल्या चौकशीत दोन मुख्य कारणे निघाली: शेवटच्या आठवड्यात ठरविणारे बहुसंख्येने एकाच बाजूस गेले, आणि पुष्कळ राज्यांच्या चाचण्यांत कमी शिकलेल्यांचे वजन पुरते धरले नव्हते. शिक्षणाचे वजन धरूनही २०२० साली त्याच विस्कॉन्सिनात एका मातबर चाचणीने बायडन ह्यांस १७ टक्क्यांची आघाडी दिली. ते जिंकले ते एका टक्क्याच्याही आत. २०२४ च्या भाऊबीजेस सकाळी उठून पाहतो, तो आयोवा राज्यात कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याची वार्ता! ही चाचणी करणाऱ्या अ‍ॅन सेल्झर ह्यांचा लौकिक मोठा; परंतु दोनच दिवसांनी झालेल्या मतदानात तेथे ट्रम्प सुमारे १३ टक्क्यांनी विजयी झाले.

ह्यावरून मतचाचणी हे थोतांड आहे, असा निष्कर्ष काढणारे काढोत. आम्ही काढीत नाही. त्याच वर्षी चुरशीच्या सातही राज्यांतील चाचण्यांनी झुंज अटीतटीची असल्याचे सांगितले होते आणि बहुतेक ठिकाणी निकाल तीन-चार टक्क्यांच्या आतच लागला. शास्त्र आपल्या मर्यादा उघड सांगते. त्या ऐकून घेण्याइतका धीर आपल्यापाशी नसतो, हा दोष शास्त्राचा नव्हे. परंतु शास्त्र कितीही सुधारले, तरी मतदाराचा एक हक्क त्यास ओलांडता येणार नाही, आणि येऊही नये. विचारले असता गप्प राहण्याचा, आणि शेवटच्या क्षणापर्यंत विचार करीत राहण्याचा तो हक्क होय. न ठरलेल्या मतदारास चंचल म्हणून हिणविण्याची रीत आहे. आम्हांस तो चंचल वाटत नाही. इतरांचा विचार संपला असता त्याचा चालू असतो, इतकेच.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी आमच्या पुतणीने कामावर जाण्यापूर्वी रांगेत उभे राहून मत दिले आणि तसे कळविले. पेन्सिल्व्हेनियाचे १९ निर्वाचक कोणास मिळाले हे साऱ्या जगास ठाऊक आहे. तिने मत कोणास दिले, हे मात्र तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. फोनवर आम्ही तिच्या दिराच्या अर्जाची चौकशी केली. तो अजून रांगेतच आहे.