खिडकीपाशी उभ्या बायका

लेनिनग्राडच्या क्रेस्ती तुरुंगाबाहेर, १९३७-३८ मध्ये, तुम्ही रांगेत उभ्या होतात. आया, बहिणी, बायका. कवयित्री आना अख्मातोवाही त्यातच, मुलासाठी. खिडकी आली की आडनाव सांगायचं, पैसे आत सरकवायचे. पैसे घेतले तर माणूस आत आहे, अजून आहे. परत केले तर पायांतलं बळ जायचं. मग कुणाला उत्तर मिळे : दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. घरी जाऊन ती हिशेब मांडे, तो सुटेल तेव्हा पोर केवढं असेल. बहुतेकदा तोवर त्याला गोळी घालून पुरलेलंही असे.

बायांनो, तुमची माणसं कशापायी गेली? सोव्हिएत गुप्त पोलिसांचा ३० जुलै १९३७ चा एक हुकूम होता, क्रमांक ००४४७. कोणत्या प्रांताने किती मारायचे, किती छावणीत धाडायचे, याचे आकडे त्यात ठरवून दिलेले. आणि प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांनी मॉस्कोला लिहून ते वाढवून मागितले! कमी पडलो तर आपलीच पाळी, ही धास्ती. मला या कागदांचा सर्वांत जास्त संताप येतो. घाबरलेल्या माणसाला सत्तेने एकच वाट मोकळी ठेवली होती : दुसऱ्याचा द्वेष कर, सगळ्यांदेखत कर, म्हणजे तू आमचा. म्हणून कारखान्यांतल्या सभांत कालच्या सोबत्याला ‘जनतेचा शत्रू’ ठरवताना हात वर होत. कुणाचं आडनाव पोलिश असलं तरी संशयाला तेवढं पुरे होई. शाळेत पोरं दौत उघडून पुस्तकातल्या फोटोवर शाई फासत. कालपर्यंत ज्याच्या नावाचा जयजयकार केला, त्याचे डोळे, नाक, मिशा, सगळं काळं होईपर्यंत. पोरांच्या बोटांना शाई लागे. आठ-नऊ वर्षांची बोटं ती!

दोन वर्षांत ६ लाख ८१ हजार ६९२ माणसांना गोळ्या घातल्या, असं सरकारी दप्तरच सांगतं. हे यंत्र चालवणारा, गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोवही १९४० मध्ये त्याच वाटेने गेला. स्तालिन १९५३ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला.

त्या मेलेल्यांत आपलाही एक माणूस आहे. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे भाऊ. इंग्रजांविरुद्ध लढता लढता अर्धं आयुष्य परदेशांत काढलं, लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम केलं, आणि ज्या क्रांतीवर विश्वास टाकला, तिच्याच शिपायांनी त्यांना उचलून नेलं. सरोजिनींचं नाव रस्त्यांना दिलं आपण. या भावासाठी कधी दोन मिनिटं उभे राहिलो नाही.

मॉस्कोत ‘मेमोरियल’ या संस्थेने २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबरला मारलेल्यांची नावं जाहीर वाचायची प्रथा पाडली. लुब्यांका चौकातल्या स्मारकशिळेपाशी लोक ओळीने येत. नाव, वय, धंदा, गोळी घातल्याची तारीख एवढंच वाचत. २८ डिसेंबर २०२१ ला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था बरखास्त करण्याचा आदेश दिला. तेव्हा यंदा २९ ऑक्टोबरला, तुम्ही जिथे असाल तिथे, एक नाव मोठ्याने वाचा : वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, वय ५६, अभ्यासक, २ सप्टेंबर १९३७.