तुमच्याकडं आवाज आला का?

पुण्यात वीकेंडला करण्यासारख्या गोष्टींची यादी काढा. मॉल, मल्टिप्लेक्स, सिंहगड, एफसी रोडवरची कॉफी... संपली यादी! माझ्या यादीत आणखी एक नाव आहे आणि ते सांगितलं की मित्रमंडळी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघतात. विद्यापीठाच्या आवारातली आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. तिथल्या पब्लिक लेक्चर्सना जायची मला सवय लागली आहे.

मी मास कॉमची. दहावीनंतर फिजिक्सशी जो घटस्फोट झाला तो कायमचा. पण चंद्रशेखर सभागृहातलं पब्लिक एकदा तरी बघाच. पुढच्या दोन रांगा रिटायर्ड काकांच्या. हातात वही, खिशाला दोन पेनं. मध्ये आयटीवाले, गळ्यातलं आयकार्ड काढायला विसरलेले. मागे इंजिनिअरिंगची पोरं. आणि सगळीकडे विखुरलेली सातवी-आठवीतली मुलं. काहींना आईनं ओढून आणलेलं असतं, काहींनी आईला ओढून आणलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त.

लेक्चर संपलं की खरा शो सुरू होतो. काकांचा प्रश्न हा प्रश्न नसतोच, ते एक छोटं भाषण असतं. मग एखादी चिमुरडी माइक हातात घेते आणि विचारते, ‘कृष्णविवराला तळ असतो का?’ स्टेजवरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो. त्या दोन सेकंदांसाठी मी जाते.

प्रश्नांना एवढा मान देण्याची ही रीत इथली जुनी आहे. १९८८ मध्ये आयुका सुरू झाली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर आणि सही दोन्ही घरी यायचं. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली, ती आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं! हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा लिहून काढली मंगलाताईंनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा माझ्या ओळखीच्या किमान तीन घरांत जुनी पोस्टकार्डं शोधली गेली.

आता माझ्या एका मैत्रिणीबद्दल. कर्वेनगरच्या पीजीमध्ये आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. आता ती आयुकात पीएचडी करते. नाव छापायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून आपण तिला स्कॉलर म्हणू.

आपल्याला वाटतं, ही मंडळी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असतील. कसलं काय! पहिलं वर्ष शेजारच्या एनसीआरएच्या मुलांबरोबर कोर्सवर्कमध्ये जातं. असाइनमेंट, परीक्षा, सगळं कॉलेजसारखं, फक्त पेपर दहापट अवघड. मग गाइड मिळतो. मग उरलेली वर्षं कम्प्युटरसमोर. आयुकाची दोन मीटरची दुर्बीण गिरवलीला आहे, पण पावसाळ्यात ती बंद आणि स्कॉलरच्या विषयाला ती लागतही नाही. ‘सारथी’ नावाच्या कम्प्युटर क्लस्टरवर तिचा प्रोग्रॅम रांगेत उभा असतो आणि ही कँटीनमध्ये. रात्री अडीचला मेसेज येतो, ‘जॉब फेल.’ सुरुवातीला मला वाटायचं, हिची नोकरी गेली.

आणि घरच्या कार्यक्रमांत? ‘तू खगोलवाली ना, मग जरा पत्रिका बघ की आमच्या पिंट्याची.’ ही गोष्ट तिला इतक्या वेळा ऐकावी लागली आहे की तिनं उत्तर पाठ केलंय. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ज्योतिष्यांना पत्रिका देऊन हुशार मुलं आणि मतिमंद मुलं वेगळी करायला सांगितली होती. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर बरं झालं असतं. एवढं ऐकूनही पिंट्याची आई विचारते, ‘ते ठीक आहे गं, पण मंगळ आहे का?’

इथवर सगळं पुण्याचं झालं. पण माझा जीव यात अडकलाय तो हट्ट्यामुळे.

हट्टा माझं आजोळ. हिंगोली जिल्हा, वसमत तालुका. झिरो फाट्याला उतरलं की आलंच. हळद, ऊस, कापूस, एक जुनी देखणी बारव आणि सुट्टीत पोरांना रागावणारे मामा. तिथून तासाभराच्या रस्त्यावर औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगाचं ठिकाण. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा तिकडच्या प्रत्येक पोराला पाठ असते.

त्याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया होतंय. गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आतली हवा काढून टाकलेली. लेसरचा एक झोत दोन भागांत विभागायचा, दोन्हीकडच्या आरशांवरून परत आणायचा आणि जुळतो का बघायचं. लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्यांच्या लहरीनं नळ्यांची लांबी किंचित बदलते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्कॉलरला म्हटलं, फेकू नकोस.

अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत. १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी पहिली लहर पकडली, १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जाहीर झाली आणि सहाच दिवसांत आपल्या केंद्र सरकारनं भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली. पक्की मंजुरी यायला २०२३ चा एप्रिल उजाडला. खर्च २६०० कोटी, आणि काम पूर्ण व्हायला तेव्हा सांगितलेलं साल २०३०.

यासाठी जागा शांत लागते. समुद्राच्या लाटा, रेल्वे, ट्रकची वर्दळ, सगळ्यापासून लांब. आपल्याकडे विकास पोचला नाही, म्हणून हा प्रकल्प पोचला, असं मामा म्हणतात. विनोद म्हणून म्हणतात, पण पूर्ण विनोद नसतो तो.

गंमत अशी की ही शांत जमीन अधूनमधून गुरगुरते. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या काही गावांत, विशेषतः पांगरा शिंदेच्या बाजूला, गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतात. ढग गडगडल्यासारखे, पण पायाखालून. तज्ज्ञ ते लहानसहान भूकंपांशी जोडतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. लोक अंगणात आले. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं सांगितलं. किल्लारी आठवणारी पिढी अजून आहे. आजी त्यानंतर कितीतरी दिवस आत झोपली नाही.

गेल्या दिवाळीत मामांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, ‘तुझ्या त्या मैत्रिणीला इचार बरं, ह्या आवाजाचा अन् त्या लायगोचा काही संबंध हाय का?’

मी म्हटलं, ‘नाही हो मामा. आवाज आधीपासूनचे आहेत. आणि लायगो आवाज करत नाही, ऐकतं.’

‘ऐकतंय? मग जमिनीतला आवाज कोणता अन् वरतून आलेला कोणता, हे त्याला कसं कळतंय?’

आता बघा, हा प्रश्न मी चंद्रशेखर सभागृहात एका इंजिनिअरच्या तोंडून ऐकला होता आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. मी लेक्चर आठवून सांगायला लागले. आरसे लोलकासारखे टांगलेले असतात म्हणजे जमिनीचा धक्का त्यांच्यापर्यंत कमी पोचतो. तरी पोचलाच, तर दुसऱ्या ठिकाणचं यंत्र बघायचं. अमेरिकेतली दोन यंत्रं तीन हजार किलोमीटर लांब आहेत. २०१५ ची लहर आधी लिव्हिंग्स्टनला दिसली, मग हॅनफर्डला, सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकानं. एकाच ठिकाणी दिसलं तर ते बहुतेक तिथलंच काहीतरी असतं.

मामांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. ‘म्हंजे आमच्यासारखंच की! गडगडलं की आम्ही पहिले कुरुंद्याला फोन लावतोत. तुमच्याकडं आवाज आला का? तिकडं आला असंल तर धरणीचा. नसंल आला, तर आपल्याच पत्र्यावर वानर.’

मी ते तसंच्या तसं स्कॉलरला पाठवलं. रात्री बाराला तिचा फोन. आधी पाचेक मिनिटं ती नुसती हसत होती. मग म्हणाली, हॅनफर्डच्या यंत्रात एकदा असाच एक खडखडाट सापडत होता. शोधता शोधता कळलं की बाहेरच्या थंड पाइपवर जमलेला बर्फ डोमकावळे टोचून खातायत. त्यांचे कावळे, आपले वानर! आणि मग एकदम सीरियस होऊन तिनं विचारलं, ‘तुझ्या गावात मला बोलता येईल?’

जानेवारीत ती आली. नांदेडला तिचं एक काम होतं, ते उरकून एसटीनं हट्ट्याला. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात कार्यक्रम ठेवला. प्रोजेक्टर आणला होता, पण लाइट गेली, ती काही आली नाही. मला टेन्शन. तिनं मात्र मुलांना मैदानात काढलं. दोन मुलं दोन कोपऱ्यांत, डोळ्यांवर रुमाल. आवाज आला की हात वर करायचा. लांब उभ्या असलेल्या शिपाईमामांनी ताट बडवलं की दोघांचे हात वर. मधूनच ती एकाच्या कानाशी गुपचूप टिचकी वाजवायची, त्याचा एकट्याचा हात वर. बाकीची पोरं ओरडायची, ‘वानर! वानर!’ दहा मिनिटांत त्यांना जे कळलं ते मला कळायला तीन लेक्चर्स लागली होती. तिसरा मुलगा उभा केला आणि विचारलं, आता आवाज कुठल्या दिशेनं आला ते आधीपेक्षा नीट सांगता येईल का? भारतात यंत्र का हवं, ते तिथेच संपलं.

मग प्रश्न. ‘यंत्र बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?’ ‘भूकंप झाला तर?’ (बंद पडेल, मग पुन्हा चालू करतील, अमेरिकेतही तसंच होतं.) आणि एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, तुम्ही इंग्लिश मीडियमच्या का?’ स्कॉलर चाळीसगावची, दहावीपर्यंत मराठी शाळेत. हे ऐकून त्या मुलीनं वळून मैत्रिणीकडे बघितलं. बस, एवढंच.

मला खरा राग आला तो रात्री जेवताना. कोणीतरी म्हणालं, ‘चला, गेटावर वॉचमन म्हणून तरी लागंल गावचं पोरगं.’ सगळे हसले. मी नाही हसले. वॉचमन असण्यात कमीपणा काहीच नाही, पण २६०० कोटींचं यंत्र दारात येतंय आणि आपण आपली जागा आधीच गेटावर ठरवून टाकतो? पुण्यात मुलांना शास्त्रज्ञ दर महिन्याला दिसतात. इथून पुणं एका रात्रीच्या प्रवासावर, आणि इथल्या पोरांना आजवर जे दिसलंय ते भूमिपूजन. तेही २०२३ मध्ये, दिल्लीहून, पडद्यावर.

माझी मामेबहीण वसमतला बीएस्सी करते. घरात तिच्याबाबत दोन विषय चालू असतात, पोलीस भरती आणि स्थळ. ती जेवताना काही बोलली नाही. नंतर भांडी घासताना तिनं स्कॉलरला विचारलं, ‘ताई, तिथं आतमध्ये काम करायचं तर काय शिकावं लागतं?’ स्कॉलरनं हात पुसले आणि एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहायला घेतलं. एमएस्सी फिजिक्स. मग जेस्ट, पीएचडीची प्रवेश परीक्षा. नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स, लेसर, व्हॅक्यूम, कम्प्युटर. यंत्र चालवायला ही सगळी माणसं लागतात. पत्रिकेची एक बाजू भरली, मग तिनं नवरा-नवरीच्या नावाभोवतीची जागाही वापरली.

मामांनी ती पत्रिका दोनदा वाचली. ‘एमएस्सीला नांदेडला राहावं लागंल का?’ एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर उठून गोठ्यात गेले.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आयुका सगळ्यांसाठी खुली असते. बहीण आली, परभणीहून रात्रीच्या गाडीनं, मामांना बरोबर घेऊन. किंवा मामा तिला घेऊन, जे काय असेल ते. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या कुंडाच्या पायऱ्यांवर आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मामा आर्यभटाजवळ बराच वेळ थांबले. नंतर एका स्टॉलवरच्या पोराला विचारताना मी त्यांना ऐकलं, ‘अन् वानर आलं तर कसं वळखता?’ पोरगं गोंधळलं. स्कॉलर धावत आली.

अजून काहीच ठरलेलं नाही. बहिणीनं एमएस्सीचा अभ्यास धरलाय आणि भरतीचीही तयारी चालू आहे. ग्राउंडसाठी पहाटे पाचला उठून झिरो फाट्याच्या रस्त्यावर पळते. पळून झालं की आभाळात जो ठळक दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून स्कॉलरला पाठवते, ‘ताई, हा कोण?’ बहुतेक वेळा शुक्र असतो. एकदा मात्र गुरू निघाला आणि एकदा शेजारच्या शेतातला हॅलोजन.