तुझा डोंगर, आमचे खांब

प्रिय सखे,

तुझा फोटो मिळाला. मागे साकुराजिमा ज्वालामुखी धूर सोडतोय आणि तू राखेपासून वाचायला छत्री उघडून बाजाराला निघालीस! यवतमाळच्या मे महिन्यात छत्रीला हात न लावणारी तू! आई म्हणाली, जपानने पोरीला वळण लावलं.

आता माझी बातमी. तुला सांगते, मी आपल्या जिल्ह्यातल्या शिबला-पार्डीला जाऊन आले. २०२१ मध्ये रस्त्याच्या खोदकामात तिथे सहाकोनी दगडी खांब निघाले आणि चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लोकांपुढे आणले. कुणी घडवून रचल्यासारखे दिसतात, पण कारागीर लाव्हाच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो निवताना आक्रसला आणि आपल्या शेतातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तसा तडकला.

मला वेड लावलं ते या दगडाच्या चुंबकत्वाने. लाव्हा निवून झालेल्या या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. ते ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की चुंबकत्व जातं. पुन्हा निवले की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. दख्खनच्या लाव्हाथरांतली ही दिशा मोजूनच १९५० च्या दशकात संशोधकांना कळलं, की लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. घर सोडून उत्तरेला गेलेली तू एकटीच नाहीस गं, अख्खं यवतमाळ आलंय!

तुमच्याकडे हाच नियम पहारा देतो. ज्वालामुखीच्या पोटात आच वाढली की तिथला खडक चुंबकत्व गमावतो. मग विवराच्या दक्षिणेला क्षेत्र किंचित घटतं, उत्तरेला वाढतं. जपानात एकूण क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या वर आणि शोधायचा फरक बहुधा काही थोड्या नॅनोटेस्लांचा! सूर्यामुळे होणारे चढउतारही वजा करावे लागतात, म्हणून दूरच्या वेधशाळेतल्या नोंदींशी ताडून बघतात. जपानच्याच इझू-ओशिमा ज्वालामुखीच्या १९८६ च्या उद्रेकाआधी असे बदल टिपले गेले होते. याने उद्रेकाचा दिवस कळत नाही, पण आतली धग कळते. हे वाचून मला वाटणारी तुझी काळजी थोडी कमी झाली, खरंच.

आता माझी दुसरी काळजी ऐक. दगड मुळात कसा उभा होता हे ठाऊक असेल तरच त्यातली दिशा वाचता येते. खांब फोडून खडी केली की ती नोंद कायमची गेली. म्हणून ते आहेत तिथेच जपायला हवेत. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज लिहिते आहे, त्यावर तुझीही सही हवी. आळस न करता लगेच पाठव.

तुझीच