कानाले लावाचं हाय?

घरातली सगळी उपकरणं २३० व्होल्टवर चालतात, विहिरीवरची मोटार तीन फेजच्या ४१५ व्होल्टवर. आणि गाणं ऐकायला डोक्यावर चढवायच्या एका प्रकारच्या हेडफोनला ५८० व्होल्ट लागतात, हे वाचलं आणि तो आकडा डोक्यात रुतून बसला. अकोल्यात वाढलेल्या माणसाला व्होल्टेज पुस्तकातून शिकावं लागत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडली की दाब उतरला, मध्यरात्री पंखा गरगरायला लागला की चढला, हे आमच्याकडे आया-बायासुद्धा मीटर न बघता सांगतात. पण ते व्होल्टेज खांबावरचं, डीपीतलं, भिंतीतल्या तारेतलं. कानापासून दोन बोटांवर ५८० व्होल्ट, आणि तेही आशाबाईंचा आवाज ऐकण्यासाठी! मला त्या वस्तूचा ध्यासच लागला.

साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो, तारेची गुंडाळी असते, गुंडाळीला चिकटवलेला पडदा असतो. गुंडाळी हलते आणि पडद्याला ढकलते. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये चुंबक नाही, गुंडाळी नाही. भोकं पाडलेल्या धातूच्या दोन चकत्या समोरासमोर आणि त्यांच्या मधोमध, दोन्हींपासून अर्धा मिलिमीटर अंतरावर, ताणून बसवलेली एक पारदर्शक फिल्म. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. ही फिल्म दीड-दोन मायक्रॉनची. तिच्यावर ५८० व्होल्टचा भार कायम ठेवायचा. मग गाण्याचा सिग्नल दोन्ही चकत्यांवर उलटसुलट सोडला की एक चकती फिल्मला ओढते, त्याच क्षणी दुसरी ढकलते. सबंध पृष्ठभाग एकाच वेळी हलतो. वजन जवळपास नाहीच, त्यामुळे आवाज सुरू व्हायला उशीर नाही आणि थांबायलाही नाही. तोक्योच्या स्टॅक्स कंपनीने असा पहिला हेडफोन १९६० साली बाजारात आणला.

तो भार ५ मेगओहमच्या रोधातून येतो, म्हणून त्या बाजूने विजेचा प्रवाह मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाएवढाच. खरा धाक अॅम्प्लिफायरचा. चकत्यांना शेकडो व्होल्टचा झोका द्यायचा तर आत +४०० आणि -४०० व्होल्टचा पुरवठा हवा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८००. हेडफोन मात्र विद्युतदृष्ट्या ११० पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर. १०० व्होल्ट आणि २० हजार हर्ट्झ धरून हिशेब केला तर तो जेमतेम १.४ मिलिअँपिअर मागतो. दाब अवाढव्य, मागणी चिमूटभर. असं यंत्र घरी बांधायचं म्हणजे आधी हात बांधून घ्यायचे. डावा हात खिशात ठेवायचा आणि एकाच हाताने मोजमाप करायचं. बंद केल्यावरही १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टला ८ ज्यूल ऊर्जा वाट बघत असते. त्याच्या समांतर २२० किलोओहमचा रोध लावला तर ती निथळायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मला फार आवडतात. मीटरचा आकडा ४००वरून उतरत उतरत शून्याकडे येतो, तेवढा वेळ कुणाशी बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही.

अमेरिकेतल्या केव्हिन गिलमोर यांनी अशा अॅम्प्लिफायरचे आराखडे खुले करून ठेवले आहेत आणि जगभरचे हौशी लोक तेच बांधतात. आराखडा उत्तम आहे, पण तो थंड खोलीत बसून काढलेला आहे. अशा यंत्रात सिग्नल असो-नसो, प्रवाह सतत वाहतो. चार बाहूंमधून १८-१८ मिलिअँपिअर म्हटले, तरी ८०० व्होल्टच्या हिशेबाने ५८ वॅट नुसती उष्णता. म्हणजे पेटीत साठ वॅटचा जुना दिवा रात्रंदिवस जळतो आहे असं समजा. हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा ३० अंशांनी तापतो असं धरलं, तर २५ अंशांच्या खोलीत तो ५५ वर राहील. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५-४६ वर असतो. तिथे तोच हीटसिंक ७५ वर, आणि कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होत जातं. म्हणून मी हीटसिंक आराखड्यात सांगितल्याच्या दुप्पट घेतला. दिसायला बोजड झाला. वऱ्हाडात बांधलेल्या वस्तूने वऱ्हाडाचं ऊन अंगावर वागवलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

दुसरी अडचण मला आराखड्यात सापडणं शक्यच नव्हतं. हे हेडफोन पाठीमागून उघडे असतात. बाहेरचा आवाज सरळ आत येतो. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे खिडकीला कूलर असतो. गवताच्या ताट्यांवरून झिरपणारं पाणी, पंख्याचा घोंघाट, पंपाची घरघर. कूलर बंद केला तर जीव जातो, चालू ठेवला तर गाणं जातं. त्यामुळे या छंदाला ऋतू आहे. दिवाळीनंतर सुरू होतो, होळीला संपतो. कोरडी थंड हवा उच्च दाबाला मानवतेही. पावसाळ्यात दमटपणाने भार गळायला लागतो. पण नेमक्या थंडीच्याच दिवसांत जिनिंगचा हंगाम असतो, आणि कापसाचे तंतू हवेत तरंगत सगळीकडे जातात. ५८० व्होल्टवर भारलेली फिल्म तंतूला ओढून घेणारच. मधे धूळ-पडदा असतो, तरी मी हेडफोन मलमलीच्या पिशवीत ठेवतो.

आता ट्रान्सफॉर्मर. बाकी सगळे भाग मुंबईहून मागवता येतात, पण ३२०-०-३२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तयार मिळत नाही. तो गुंडाळून घ्यावा लागतो. गुंडाळणारा माणूस वऱ्हाडात कुठे शोधायचा हा प्रश्नच नाही. विहिरी, बोअर आणि रात्रीची वीज असलेल्या या मुलखात प्रत्येक बाजारपेठेच्या गावात रिवाइंडिंगची दुकानं आहेत. गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की दाब पडतो, मोटारी तापतात, जळतात, आणि बैलगाडीतून, मोटारसायकलच्या मागे बांधून, छोट्या टेम्पोतून दुकानापुढे येऊन पडतात. मी गेलो ते दुकान असंच. उंबऱ्यापासून जळक्या वार्निशचा वास. भिंतीला तांब्याच्या तारांची रिळं, फळीवर बेअरिंगचे डबे, एका कोपऱ्यात भट्टीतून काढलेल्या काळ्या मोटारी. मिस्त्री साठीच्या पुढचे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोटांच्या टोकांवर तारेने पडलेल्या बारीक चिरा.

कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"काय करता जी इतक्या व्होल्टचं?"

"गाणं ऐकायचं आहे, काका."

"गाणं? कानाले लावाचं हाय म्हंता?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आन् घरच्यायले सांगतलं?"

सांगितलं आहे म्हटल्यावर ते कामाला लागले. शंभर वॅटसाठी कोअर १.८ चौरस इंच. ७ला त्याने भागायचं, म्हणजे एका व्होल्टला साधारण ४ वेढे. हा हिशेब त्यांनी टेबलावर खडूने मांडला. त्या सातच्या आकड्यामागे लोखंडाची चुंबकीय मर्यादा आणि ५० हर्ट्झची वारंवारता दडलेली आहे. त्यांच्या गुरूने तो नुसता सात म्हणून दिला होता आणि तो बरोबर होता. प्रायमरीला ९००च्या वर, सेकंडरीला दोन्ही बाजू मिळून अडीच हजारांच्या वर वेढे. तार इतकी बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नव्हती.

हातमशीनवर बॉबिन चढवला, काउंटर शून्यावर आणला आणि त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायला सुरुवात केली. दुकानात दोन शेतकरी आपापल्या मोटारीसाठी बसले होते. तेही गप्प होऊन बघू लागले. तार वेढ्याला वेढा लागून बसत होती. मिस्त्रींची नजर तारेवर नव्हतीच. ती रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर होती. चिमटीलाच सगळं कळत होतं. ताण जरा वाढला की हात थबकायचा, रीळ सैल करायचा, पुन्हा चालू. एक थर पुरा झाला की पारदर्शक कागदाची पट्टी कापून त्यावर गुंडाळायची, मग दुसरा थर. मी विचारलं, दर थराला कागद कशाला, तारेवर इनॅमल आहेच की.

"कागदात कंजुसी केली का मोटार जयते, आन् रात्री बारा वाजता गहू सुकते," ते म्हणाले. "थो माणूस मंग सकाळी माह्या दारात उभा रायते."

तो पारदर्शक कागद म्हणजे मिलिनेक्स. पॉलिएस्टरची फिल्म. माझ्या हेडफोनसारख्या वस्तूंचे पडदे जिथून सुरू झाले तेच द्रव्य, फक्त इथे शंभर-दीडशे मायक्रॉनचं आणि मोटारीच्या खाचेत दाबून बसवलेलं. एका ठिकाणी त्याने विजेला अडवायचं, दुसऱ्या ठिकाणी विजेवर थरथरायचं. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टी नखाने टिचकी मारून कानाजवळ नेली आणि मान हलवली.

त्या दुकानात बसल्या बसल्या मला माझ्या आबाजींचा रेडिओ आठवला. त्यांच्या खेड्यावर वीज नव्हती, आणि रेडिओ व्हॉल्व्हचा. त्याला विटेएवढा ९० व्होल्टचा बॅटरीचा ठोकळा लागायचा. ठोकळा महाग, म्हणून बातम्या, बाजारभाव आणि एखादं भजन एवढंच. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. त्याची मध्यम लहर संध्याकाळ झाली की पऱ्हाटीच्या वावरांवरून स्वच्छ यायची. म्हणजे आमच्या घरात उच्च दाबावर ऐकण्याची सवय माझ्या आधीपासूनची. आबाजी ठोकळ्याला कुणाला हात लावू देत नसत.

अॅम्प्लिफायर पुरा झाला तेव्हा तो घेऊन मी आधी मिस्त्रींकडे गेलो. ज्यांनी वेढे घातले त्यांनीच पहिल्यांदा ऐकावं, हे मला स्वाभाविक वाटलं. काय ऐकवायचं हेही ठरलेलं होतं. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला एका मित्राने छोट्या रेकॉर्डरवर मुद्रित केलेलं खंजिरीचं भजन. महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. १९६८ साली गेले, आणि अजूनही वऱ्हाडात ज्या गावी खंजिरी भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागतं. मिस्त्रींनी हेडफोन चढवला. डोळे मिटले नाहीत, मानही डोलावली नाही. कपाळाला आठी घालून ते ऐकत राहिले, मोटार चालू करून ऐकतात तसे. बऱ्याच वेळाने हेडफोन काढला.

"खंजिरीचं कातडं उतरलं हाय. दव पडलं असन. जाळावर धरली नाई थ्यायनं."

मित्राला फोन करून विचारलं. रात्री दोनचं मुद्रण होतं, मैदानात, शरदातल्या दवाचं. कातडं सैल पडल्यावर थापेचा पहिला ठोका आणि त्यामागची गुंज यांच्यात जी बारीकशी फट पडते ती या हेडफोनमध्ये ऐकू येते. मी ते भजन कितीदा तरी ऐकलं होतं आणि मला आवाज छान, गोल, ऊबदार वाटला होता. मिस्त्री तरुणपणी गावच्या मंडळात खंजिरी वाजवत.

तो मित्र अमरावतीचा, आणि त्याचं-माझं एका बाबतीत कधी जमलं नाही. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले, म्हणून त्यांच्या गझला अमरावतीच्याच, असं तो मानतो. आणि हृदयनाथांच्या चालीवर आशाबाईंनी गायलेली भटांची गझल व्हॉल्व्हवरच ऐकावी, असाही त्याचा हट्ट. माझ्या यंत्रात व्हॉल्व्ह नाहीत, मॉस्फेट ट्रान्झिस्टर आहेत. तो आला, ऐकलं, ओळीआधी बाईंनी घेतलेला श्वास ऐकून तीनदा मागे नेऊन पुन्हा ऐकला. त्या श्वासात पुढच्या शब्दाचा रंग आधीच आलेला असतो. मामुली स्पीकरवर तो नुसता हवेचा आवाज वाटतो. तेवढं मान्य करून त्याने पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, मे महिन्यात काय करशील?

त्याचा मुद्दा खरा आहे. मॉस्फेटला गारवा हवा. ईएल ३४ हा व्हॉल्व्ह मात्र मुळातच आगीवर चालतो. आतला कॅथोड सातशे-आठशे अंशांवर लाल होतो, काचेला हात लावता येत नाही. बाहेर २५ आहे की ४५, त्याला काय! गिलमोर यांच्याच एका प्रसिद्ध आराखड्यात असे चार व्हॉल्व्ह आहेत. आणि व्हॉल्व्ह काही आपल्याकडे परके नाहीत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, आणि अमरावतीतल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत त्यांच्या रिकाम्या खोक्यांवर अजूनही स्क्रू-नट ठेवलेले दिसतात. उन्हाच्या मुलखाला तापणारं तंत्रच अधिक सोसतं, असं मला आता वाटू लागलं आहे. खोली आणखी तापेल ते वेगळं, आणि कूलरचा प्रश्न तसाच राहील; त्यासाठी पहाटे चारला उठायची माझी तयारी आहे.

चार ईएल ३४ मित्राकडे आहेत, लाउडस्पीकरवाल्याच्या जुन्या मशीनमधून काढलेले. प्रत्येकाच्या हीटरला ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर, म्हणजे सहा अँपिअरचं एक वेगळं वाइंडिंग लागणार. मिस्त्रींना विचारलं. जाड तार आहे म्हणाले, पण आधी गाववाल्यांच्या तीन मोटारी द्यायच्या आहेत, मग घेतो तुमचं.